ब्रदर कंट्रीकडे वळले

ब्रदरच्या घरात 'सा' ठरवण्याचं काम एसीकडे होतं. मस्कतच्या अल घुब्रा भागातल्या आमच्या इमारतीत सगळीकडे जुने विंडो एसी होते आणि प्रत्येकाची घरघर वेगळी होती. त्यांच्या हॉलमधला एसी, त्यांच्या मते, इमारतीत सर्वांत सुरेल होता. संध्याकाळी कामावरून आले की बूट काढायच्या आधी ते तो लावत, डोळे मिटून ऐकत आणि मग गिटारच्या खुंट्या पिळायला घेत. डिसेंबरात मस्कतमध्ये एसीची गरज उरत नाही. तेव्हाही तो चालू असे आणि ते अंगावर शाल घेऊन गात. घरमालकाच्या माणसानं एकदा टोकलं, तेव्हा ते म्हणाले, "भाई, ये एसी नहीं है. ये तानपुरा है."

आमची दारं समोरासमोर होती. मी मस्कतमधल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. ते गाड्यांच्या एका कंपनीत सुट्या भागांच्या काउंटरवर बसत. सगळे त्यांना 'ब्रदर' म्हणत. चर्चमधले आदरानं, इमारतीतले सवयीनं. ते मला 'संपादक' म्हणत. मी उपसंपादक आहे, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. "प्रभूच्या दृष्टीनं एकच," ते म्हणाले.

ब्रदर राहुरीकडच्या एका गावचे. ओमानला येण्याआधी नगर-जालना पट्ट्यातल्या ख्रिस्ती समाजात त्यांचं नाव होतं. जुन्या, अभंगाच्या चालीवरच्या गीतांऐवजी ड्रम आणि गिटारवर नव्या धाटणीची स्तुतिगीतं म्हणणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते मोडत. तंबूतल्या सभांना तरुण मुलं त्यांच्यासाठी पुढच्या रांगा धरून ठेवत. त्यांच्या एका गीताची कॉलर ट्यून झाली होती. "आमच्या भागात कुणालाही फोन लावा," ते सांगत, "आधी मीच बोलायचो." पण कॉलर ट्यूनवर घर चालत नाही. बायको नगरला शाळेत शिकवत होती. हे दोन वर्षांसाठी म्हणून आखातात आले. इथे सगळेच दोन वर्षांसाठी आलेले असतात.

काउंटरवरची भाषा त्यांच्या प्रार्थनेत शिरली होती. आमेन म्हटलं की पाठोपाठ त्यांच्या तोंडून 'खलास' निघे. मराठी मंडळीच्या उपासनेतही हे होई. मंडळीचे सेक्रेटरी, श्रीरामपूरचे एक काटेकोर गृहस्थ, दर वेळी त्यांच्याकडे वळून बघत. ही मराठी मंडळी म्हणजे मोजकी कुटुंबं. महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ती मस्कतच्या रुवी भागातल्या उसन्या सभागृहात जमत. आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. ब्रदर गीतं म्हणत, सेक्रेटरी बाकी सगळं करत. दोघं नगर जिल्ह्यातले, त्यामुळे वाद झाला तरी तो एकाच बोलीत होई.

आता कंट्रीबद्दल.

निवृत्तीला आलेला एक अमेरिकन तेल इंजिनिअर पिकअपचा आरसा घ्यायला त्यांच्या काउंटरवर आला. आरसा बसवून देताना गाडीत अमेरिकेतलं कंट्री गाणं चालू होतं. त्या संध्याकाळी ब्रदरनी माझं दार वाजवलं. हातात गिटार नव्हती, हेच विशेष होतं.

"संपादक, एक माणूस आहे. गाडी घेऊन गावाकडे निघालाय. घर आहे, पण घरात कुणी नाही. तो दारापर्यंत जातो आणि मागे फिरतो. गाणं संपलं."

"मग?"

"मग काही नाही! तीच तर गंमत आहे ना. काही होतच नाही त्याचं."

त्यांचं म्हणणं मला पुढे बऱ्याच बैठकांनंतर नीट कळलं. स्तुतिगीताला चौथं कडवं असतं. पहिल्यात माणूस दुःखी, दुसऱ्यात हाक मारतो, तिसऱ्यात उत्तर येतं, चौथ्यात सगळं बरं होतं. त्यांनी स्वतः अशी कितीतरी गीतं बांधली होती आणि प्रत्येक खऱ्या मनानं बांधली होती. मग विमानं बंद होती त्या वर्षी त्यांची आई गावी वारली. दफनविधी त्यांनी फोनवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं. "त्यानंतर मी चौथं कडवं गायला उभा राहायचो," ते म्हणाले, "आणि वाटायचं, माझं कुठं बरं झालंय? कंट्रीत ती सक्ती नाही. माणूस जिथं उभा आहे तिथंच उभा राहून सांगतो की असं असं झालं. आमच्यात याला साक्ष म्हणतात."

इंजिनिअरनं त्यांना समुद्राकाठच्या एका हॉटेलात नेलं. तिथे शुक्रवारी दुपारी लांबलचक ब्रंच चाले आणि पाहुण्यांना गाणारा हवा होता. हॉटेलचा लेबनीज मॅनेजर खूश झाला, फक्त त्यानं रुंद काठाची हॅट पुढे केली. ब्रदरनी ती नाकारली. कंट्री म्हणजे गावाकडचं गाणं, आणि आमच्या गावाकडे शेतकऱ्याची टोपी पांढरी असते, असं सांगून त्यांनी खिशातून टोपी काढून घातली. पहिल्याच शुक्रवारी एका बाईंनी टोपी पाहून त्यांच्याकडे ऑम्लेट मागितलं. त्यांनी गिटार खाली ठेवली, काउंटरवर जाऊन ऑम्लेट करून घेतलं, बाईंच्या टेबलावर नेऊन दिलं आणि राहिलेलं गाणं पुरं केलं. हे मी पाहिलेलं आहे. टाळ्या बऱ्याच पडल्या. गाण्याला की ऑम्लेटला, सांगता येणार नाही.

ब्रंच चारला संपे. मंडळीची उपासना त्यानंतर असे, त्यामुळे वेळेची अडचण नव्हती. अडचण शब्दाची झाली.

"ब्रदर, शुक्रवारी दुपारी तुमचा फोन लागत नाही," सेक्रेटरी एकदा म्हणाले.

"हॉटेलात असतो. सेक्रेटरीसाहेब, मी आता कंट्रीकडे वळलोय."

"कधीपासून?"

"घरात बरेच दिवस चालू होतं. आता चारचौघांत सुरू केलं. लपवायचं कशाला?"

"मिसेसना माहीत आहे?"

"आहे की. म्हणाली, झेपेल तेवढंच करा."

नगर जिल्ह्यात 'कंट्री' या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो सरकारमान्य दुकानात बाटलीतून मिळतो. सेक्रेटरींनी पुढे काही विचारलं नाही. देशी दारू मस्कतच्या हॉटेलात कुठून येईल, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नाही. हॉटेल, शुक्रवार, भरदुपार. तपशील सगळे खरे होते. बातमी अशीच चुकते.

पुढच्या उपासनेला ब्रदर मला आग्रहानं घेऊन गेले. "आज माझ्यासाठी खास प्रार्थना ठेवलीय, संपादक. मंडळीचा मोठेपणा बघा." मी शेवटच्या खुर्चीवर बसलो. मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, त्या दिवशी नव्हते, म्हणून प्रार्थना सेक्रेटरींनीच केली.

"हे प्रभू, आमचा एक बंधू कंट्रीच्या वाटेला लागला आहे."

"आमेन!" ब्रदर म्हणाले.

"ही वाट त्याला कुठं नेईल हे तुला ठाऊक आहे."

"आमेन!"

"तू त्याचा हात धर."

"आमेन! दोन्ही धर!"

"आणि त्याच्या पत्नीला हे सोसायला बळ दे."

इथे ब्रदरनी एक डोळा उघडला. पण ते भारावलेले होते. प्रार्थना संपताच साक्ष द्यायला उभे राहिले. म्हणाले, "मंडळी, कंट्रीत पडल्यापासून मला आईची आठवण मोकळेपणानं येते. आधी आतल्या आत कोंडायची. आता शुक्रवारी दोन-तीन तास चांगलं होतं, लोक टाळ्या वाजवतात, हॉटेलवाले जेवणही देतात. माझी इच्छा आहे की तुम्हीही एकदा सगळे यावं, मुलाबाळांना घेऊन." एका मुलानं इंग्रजीत आईला काहीतरी विचारलं आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

उलगडा बाहेर चहाच्या वेळी झाला. सेक्रेटरींच्या पत्नींनी, काकूंनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "किती घेतात हो?" मी म्हटलं, कोण, काय? कंट्री म्हणजे दारू नव्हे, गाणं, हे काकूंना कळायला वेळ लागला. मग त्या अशा हसल्या की चहा सांडला, आणि आवारभर हसू पसरलं. ब्रदरना समजल्यावर ते सर्वांत जास्त हसले.

सेक्रेटरी हसले नाहीत. "दारू असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "दारू सुटते. तिच्यासाठी प्रार्थना आहे. हे कसं सोडवायचं?"

ते कडवट नव्हते. हॉटेलात मद्य असतं, तिथे मंडळीचा गायक ज्या गाण्यांत देवाचं नाव नाही अशी गाणी म्हणतो, हे त्यांना खरोखरच लागलं होतं. बऱ्याच बोलण्यानंतर तोडगा निघाला. बाहेर काय म्हणायचं ते म्हणा. मंडळीत मात्र मंडळीचीच गीतं.

हे निभलं असतं. पण तोवर ब्रदरनी मराठीत एक कंट्री गाणं बांधलं होतं. रात्रंदिवस समोरच्या दारातून येई, म्हणून मला ते माहीत होतं. सुरुवात अशी:

नगर रस्ता लांब आहे, लांबच राहू दे,
येतो म्हणालो होतो आई, तसंच राहू दे.

चाल तिकडची होती, पण शब्द संथ, जात्यावरच्या ओवीसारखे पडत. हे गाणं घेऊन ते हॉटेलात गेले. मॅनेजर म्हणाला, छान आहे, पण पाहुण्यांना कळेल असं इंग्रजीत म्हणा. त्यांनी प्रयत्न केला. इंग्रजीत रस्ता उरला, नगर गेलं. मग ते सेक्रेटरींकडे गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. सेक्रेटरींनी गाणं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं, हे नोंदवायला हवं.

"शेवटी एक कडवं वाढवा," ते म्हणाले. "प्रभूचं नाव येऊ द्या. म्हणा खुशाल."

"नाही येत."

"एवढी गीतं बांधलीत, एक कडवं नाही येत?"

"येतं हो. कडवं येतं. पण त्या दिवशी मोबाइलवर मी बघत होतो तेव्हा प्रभू तिथं असेलच. मला दिसला नाही. दिसला असं गायलो तर ती खोटी साक्ष. ते तर दहा आज्ञांतच बसत नाही."

सेक्रेटरींनी परवानगी दिली नाही. इंग्रजीत गायला ब्रदरना हॉटेल होतं, देवाचं गायला मंडळी होती. हे एक गाणं मराठीत, माणसांसमोर उभं राहून म्हणायला सबंध ओमानात त्यांना जागा नव्हती. त्यांना हवं होतं ते एवढंच. "घरात म्हणताच की," मी एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "संपादक, तुम्ही पेपर घरातच छापता का?"

मराठी ख्रिस्ती समाजात हंगामाची उपासना असते. लोक आपल्या शेतातलं पहिलं पीक देवापुढे ठेवतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीला जातो. मस्कतमध्ये शेत कुणाचं नाही. लोक सुपरमार्केटमधून कोबी, भोपळे, मक्याची कणसं आणतात, कुणी घरचा केक, कुणी निझवाहून आणलेला खजूर. त्या वर्षी टेबलावर हे सगळं मांडलेलं असताना ब्रदर रिकाम्या हातांनी पुढे आले आणि टेबलाशेजारी उभे राहिले.

"माझ्याकडे यंदा हेच पिकलंय," ते म्हणाले. "एक गाणं. लिलावात धरावं."

लिलाव सेक्रेटरीच पुकारत. त्यांच्या हातात भोपळा होता, तो त्यांनी खाली ठेवला. पिकाला नाही म्हणता येत नाही. पीक देवानं दिलेलं असतं. हा मुद्दा ब्रदरनी विचार करूनच काढला होता. ज्यानं गाणं घेतलं तो तिथेच म्हणायला सांगेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. सेक्रेटरींनी पुकारा केला. लोक सेक्रेटरींच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी पाहुणा होतो, परक्या धर्माचा, तोंड उघडणार तोच सेक्रेटरी म्हणाले, "मी घेतो." त्यांनी सांगितलेला आकडा कोबीपेक्षा जास्त आणि केकपेक्षा कमी होता. त्यावर कुणी चढलं नाही.

ब्रदरनी घसा साफ केला.

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले. "आता वस्तू माझी झाली. माझ्या परवानगीशिवाय म्हणायची नाही."

लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

"घरात?" ब्रदरनी विचारलं.

"घरातही नाही."

"बरोबर आहे," ब्रदर म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून समोरच्या दारातून ते गाणं आलं नाही. इंग्रजी येई, मंडळीची गीतं येत. हॉटेलात त्यांचा जम बसला. अल खौदच्या कुणा ओमानी तरुणानं त्यांच्यासोबत ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायला सुरुवात केली, आणि ब्रंचला टेबल मिळेना अशी वेळ आली. पण ते एक गाणं नाही. सेक्रेटरी अल हैलला राहतात, त्यांना इथे काय ऐकू येणार, असं मी म्हटलं. ब्रदरनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही भोपळा विकला, पैसे देवाला दिले, आणि मग लोकाच्या घरात शिरून तो भोपळा शिजवून खाल्ला. चालेल?"

नंतर सेक्रेटरींची नोकरी ओमानी माणसाला गेली. आयुष्य तिथे काढलेला माणूस, सामान बांधून निघाला. ब्रदर त्यांना विमानतळावर सोडायला गेले आणि परत येऊन माझ्याकडे बसले.

"काही बोलले?"

"बोलले. म्हणाले, तब्येत सांभाळा, ब्रदर."

"गाण्याचं?"

"नाही. विसरले असतील. सामान फार होतं."

पुढे मीही ओमान सोडलं. आता पुण्यात एका वर्तमानपत्रात आहे; रात्रपाळी नाही, एवढीच बढती. ब्रदर तिथेच आहेत. सणावारी फोन होतो. अलीकडे एकदा मी त्यांना म्हटलं, ते नगर रस्त्याचं म्हणा ना, मला दोनच ओळी आठवतात.

"ते माझं नाही, संपादक. श्रीरामपूरला विचारा."

श्रीरामपूर पुण्याहून काही फार लांब नाही. कामानं त्या भागात गेलो तेव्हा घर शोधत गेलो. सेक्रेटरी ओट्यावर बसले होते. थकलेले वाटले. काकूंनी चहा टाकला. सेक्रेटरींनी फोन काढून मला मस्कतचं आजचं तापमान सांगितलं; मग अल हैलच्या समुद्रावर संध्याकाळी वारा सुटतो का, त्यांच्या इमारतीखालचा मल्याळी दुकानदार आहे का, असं विचारत राहिले. मला त्यांच्याहून जास्त माहिती नव्हती. "इथं शुक्रवार शुक्रवारसारखा वाटत नाही," ते म्हणाले. "सकाळी उठून कपडे घालून बसतो. मग हिला विचारतो, आज वार कोणता?"

मी येण्याचं कारण सांगितलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग, बसल्या जागी, म्हणू लागले. आवाज म्हाताऱ्याचा, सूर जागेवर नाही.

रुवी रस्ता लांब आहे, लांबच राहू दे,
येतो म्हणालो होतो गड्यांनो, तसंच राहू दे.

"रोज चालू असतं," काकू आतून म्हणाल्या. "अंघोळीला तर हमखास."

पुढची कडवीही त्यांनी म्हटली, आठवली तशी. जिथे ब्रदरनी विहीर घातली होती तिथे यांनी पार्किंग घातलं होतं. शेवटी प्रभूचं नाव आलं नाही. मी बहुधा नवलानं त्यांच्याकडे पाहिलं असावं, कारण ते म्हणाले, "विकत घेतलंय मी. त्यात मी काहीही करीन." आणि कप उचलता उचलता, "त्यांना सांगा, नगर त्यांचं त्यांना परत. रुवी तेवढं माझ्याकडे राहू द्या."

श्रीरामपूरच्या स्टँडवर येऊन मी ब्रदरना फोन लावला. सगळं क्रमानं सांगितलं.

"रुवी म्हणाले?"

"रुवी."

"चाल?"

"चुकत होती."

"चुकू द्या," ते म्हणाले. "त्यांचं आहे."

"आता तुम्हीही म्हणू शकता. परवानगी दिलीय त्यांनी."

"हो," ते म्हणाले. "पण कुठं म्हणू, संपादक?"

मी म्हटलं, म्हणा. ऐकतोय.

त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यावर मला घ्यायची होती ती नगरची गाडी फलाटाला लागली. कंडक्टरनं दोनदा पुकारलं, नगर, नगर. मी बाकावर बसून राहिलो. गाडी भरली आणि गेली.